निवांतपणा : अकरा मिनिटं

‘निवांत’ हा शब्द इतक्या घाईनं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ‘सर, रविवारी आपल्याला निवांत जायचंय, निवांत, कळलं का, सहाला म्हंजी सहाला,’ असं एका दमात सांगून काका जिना उतरायचे, आणि मी ‘हो’ म्हणेपर्यंत खालून हौदाचा नळ फिरवल्याचा आवाज यायचा. अर्ध्या जिन्यात त्यांना हौद आठवलेला असायचा. हौदापाशी पोचले की दूधवाला आठवायचा. दूधवाला आला की घड्याळ. ‘चार मिनिटं लेट चालून राहिला तू,’ हे ते त्याला रोज सांगत आणि तो रोज ‘म्हस लेट हाय, काका’ म्हणे. म्हशीचं कारण त्यांना चालायचं. उशीर झाला याचा त्यांना फारसा राग नसे. उशिराला कारण नसलं की मात्र त्यांचं डोकं फिरे.

नांदेडला मी पाच वर्षं त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. ज्युनियर कॉलेजात शिकवत होतो. बायको लातूरला, तिची जिल्हा परिषदेची शाळा रेणापूरच्या बाजूला. एका आड एक शनिवारी एसटी पकडायची आणि सोमवारी पहाटे परतायचं, असा आमचा संसार. मधल्या रविवारी मी नांदेडातच. खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी डिपॉझिटच्या आधी एक अट घातली. ‘मी बसलो की माझा पाय हालतो. त्याच्याकडं बघायचं न्हाई.’

पाय हलायचा म्हणजे काय, हे पहिल्या जेवणाला कळलं. काकूंनी आग्रहानं खाली जेवायला बोलावलं होतं. टेबलाखाली काकांचा उजवा पाय शिवणयंत्रावर बसल्यागत चालला होता आणि टेबलावर आमटीची वाटी ताटाला लागून किणकिण वाजत होती. काकूंनी न बघता ती वाटी उचलून ताटाबाहेर ठेवली. ही त्यांची इतक्या वर्षांची सवय असावी, कारण त्यांचं बोलणंही थांबलं नाही.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले सेक्शन कंट्रोलर. हे काय असतं, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. ‘गाडी चालवतो ड्रायव्हर. झेंडी दाखवतो स्टेशन मास्तर. पण कुणाला सोडायचं नि कुणाला थांबवायचं, हे कोण सांगतं? कंट्रोलर. एका खोलीत बसून, फोनवर.’

‘म्हणजे गाडी दिसतच नाही?’

‘चौतीस वर्षांत ड्यूटीवर एकबी न्हाई.’

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं की खेदानं, याचा मला त्या दिवशी अंदाज आला नाही. पुढं चार्ट कसा असतो ते काढून दाखवलं. आडवे तास, उभी स्टेशनं. स्टेशनावरून फोन येतो, अमुक गाडी सुटली, तमुक आली. कंट्रोलर पेन्सिलीनं रेघ ओढत जातो. रेघ तिरपी म्हणजे गाडी धावतेय. रेघ सपाट झाली म्हणजे गाडी उभी आहे. आणि उभी असेल तर शेजारच्या रकान्यात कारण लिहावंच लागतं. ‘थांबलात तर थांबलात,’ ते म्हणायचे, ‘पण कारण द्या.’ सून माहेरी चार दिवस जास्त राहिली तरी हेच, आणि पंखा बंद पडला तरी हेच.

सायकलींचं खूळ निघालं ते काकूंच्या एका वाक्यावरून. एप्रिलातली संध्याकाळ होती, आम्ही ओट्यावर बसलो होतो. म्हणजे काकू आणि मी बसलो होतो, काका कुंड्या सरळ करत होते. काकू हदगावकडच्या. लहानपणी भावाची सायकल पळवून शेताच्या बांधावरून हिंडलेल्या. त्या म्हणाल्या, ‘गोदावरी इतकी जवळ, नि आपण कधी काठानं म्हून फिरलो न्हाई. एकदा सायकलीनं जावं वाटतं बगा. सगळ्यांनी मिळून. निवांत.’

बोलताना त्या माझ्याकडं बघत होत्या, पण वाक्य कुणासाठी होतं हे मलाही कळलं. काकांनी कुंडी तशीच धरून ठेवली आणि विचारलं, ‘सगळ्यांनी म्हंजी किती?’

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाली बोलावणं आलं. जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंगचा मोठा कागद अंथरलेला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. काकूंनी माझ्याकडं पाहून कपाळाला हात लावला.

पुढचे तीन आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. चार मैल निवांत हिंडून यायचं, एवढाच बेत. पण काकांनी रस्त्याची तीन वेळा पायी पाहणी केली. परत येऊन वहीत टिपणं. ऊन कुठल्या पायरीवर किती वाजता येतं. वाळूचे ट्रॅक्टर कधी जातात. ‘कुत्री : तीन. पैकी एक बेभरवशाचं.’ चहाची टपरी कधी उघडते आणि टपरीवाला दूध आधी घालतो की नंतर. सायकलींची सोय दुकानवाल्या सरदारजींकडून झाली. ते काकांचे जुने मित्र, आणि आमच्या घोळक्यातले तिसरे. चौथ्या, समोरच्या घरातल्या सिस्टर. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि रविवारी सकाळी ड्यूटी संपवून थेट आमच्यात सामील व्हायच्या. काकू, सरदारजी, सिस्टर आणि मी, अशी चार माणसं.

चार माणसांच्या चार रंगीत रेघा. काकूंची लाल, सरदारजींची हिरवी, सिस्टरांची निळी, माझी पिवळी, जी उजेडात दिसतच नसे. तीन ठाणी ठरली : नगिना घाट, जुन्या पुलाजवळचा घाट आणि पुढं चिंचेखालची चहाची टपरी. प्रत्येक ठाण्यापाशी सपाट रेघ आणि तिच्यापुढं काकांच्या टपोऱ्या अक्षरात कारण. टपरीपुढं ‘चहा : ९ मिनिटं (फुंकून पिणारांस ११)’. आणि पुलाजवळच्या घाटापुढं ‘निवांतपणा : ११ मिनिटं’.

मी हसू दाबत विचारलं, ‘अकराच का काका?’

‘दहात माणूस बसतो. अकराव्या मिनिटाला उठतो. त्याच्यावर बसला की मंग गप्पा सुरू होतात.’

‘आणि तुमची रेघ कुठली?’

त्यांनी मान वर केली. खरोखरच त्यांना प्रश्न कळला नव्हता. ‘माझी कामून? कंट्रोलरची रेघ नसते, सर.’

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो आणि काका घरी थांबले. टेबलापाशी खुर्ची, समोर चार्ट, शेजारी मोबाइल. नगिना घाटावरून मी फोन केला तर पलीकडून ‘कंट्रोल’ असा आवाज आला. मी क्षणभर गांगरलो. ‘नाव सांगा, ठाणं सांगा, टाइम सांगा,’ आवाज म्हणाला. मी तिन्ही सांगितली. ‘दोन मिनिटं लवकर पोचलात. कारण?’

लवकर पोचण्याला काय कारण असतं? उतार होता म्हणालो. लिहिलं गेलं.

सरदारजींची गत माझ्याहून वाईट झाली. पुलाजवळ नदीत पाखरं उतरली होती, ते बघत सायकल धरून उभे राहिले. पुढच्या ठाण्याची वेळ टळली तसा काकांचा फोन त्यांना. ते स्पीकरवर होते म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

‘थांबलात कामून?’

‘मन किया काका. खडे हो गये.’

‘मन म्हून कारण न्हाई लिहिता येत. रकाना लहान हाय.’

‘तो लिखो, चेन उतरी.’

‘उतरली का?’

‘अब उतारता हूँ ना!’

त्या दिवसापासून आम्ही सगळे खोटं बोलायला लागलो. नाडी सुटली, टायर बघितलं, ऊन लागलं. सिस्टर बिचाऱ्या आठ तास वॉर्डात उभ्या राहून आलेल्या. त्यांना पायरीवर नुसतं बसायचं असे. त्या डोळे मिटून बसत आणि फोनवर सांगत, ‘ब्रेक ढिला हाय, काका.’ एकट्या काकू कधी खोटं बोलल्या नाहीत. त्या पुलाजवळ सायकलवरून उतरत, गुडघा चोळत, फोन कानाला लावत आणि म्हणत, ‘थांबलेय. तुमची वाट बघून राहिले.’  पलीकडून पेन्सिलीचा आवाज आणि, ‘ठीक हाय. अकरा मिनिटं.’

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू? माणूस नदीकाठी बसलाय, वारा येतोय, गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज येतोय, आणि खिशात फोन वाजतो : कारण? निवांतपणालाही हजेरी लावल्यासारखं झालं होतं. तरी आम्ही रविवारी जायचोच; मी लातूरला असलो तर बाकीचे तिघं. सरदारजी फुकट सायकली द्यायचे, सिस्टर झोप मोडून यायच्या. कुणीच उघड बोललं नाही, पण आम्ही काकूंसाठी जात होतो.

काकांना बाहेर काढायचे प्रयत्न कमी झाले नाहीत. सरदारजींनी त्यांची काळी सायकल पुसून, हवा भरून फाटकाशी उभी केली. ही तीच सायकल, जिच्यावरून ते चौतीस वर्षं कामावर गेले आणि कामावरून आले. तिसरीकडं कुठं गेलेली नव्हती. काकांनी चेनला तेल घातलं आणि ती परत आत नेऊन ठेवली. सिस्टरांनी बीपीची भीती घातली. एकदा मी म्हणालो, फोन बरोबर घेऊन चला, सायकलवरून कंट्रोल करा. ‘खुर्ची सोडून?’ एवढंच म्हणाले, पण असे बघायला लागले, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. आणि दर रविवारी, निघताना, हेल्मेटचा बंद आवळत काकू दारातून म्हणायच्या, ‘आज तरी उठा.’ काका चार्टवर वाकलेले असत. ‘तुम्ही व्हा पुढं. लेट होऊन राहिलं.’

जुलैत एकदा माझा तोल गेला. त्या सकाळी काकूंच्या गुडघ्यात कळ आली होती, त्या पायरीवर ओठ आवळून बसल्या होत्या, आणि फोन वाजला : चौदा मिनिटं झाली, कारण? घरी आल्यावर मी सरळ टेबलापाशी गेलो. ‘काका, पुरे झालं आता. ही माणसं आहेत, गाड्या नाहीत.’

त्यांची पेन्सिल थांबली. पायही थांबला; तो थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला. ‘गाडीतबी माणसंच असतात, सर,’ ते म्हणाले. रागानं नाही, समजावल्यासारखं.

मला माझीच लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. मान खाली घातली तर समोर चार्ट होता. आजवरचे सगळे रविवार त्यांनी एकाखाली एक चिकटवले होते. लाल रेघ दर वेळी पुलाजवळ सपाट झालेली, आणि तिच्यापुढच्या रकान्यात बारीक अक्षरात एकच शब्द, बारा वेळा : ‘कनेक्शनसाठी’.

मला माहीत होतं त्याचा अर्थ; त्यांनीच शिकवला होता. एक गाडी स्टेशनात थांबवून ठेवतात, कारण दुसऱ्या गाडीतून येणारी माणसं तिच्यात बसायची असतात. दुसरी गाडी आल्याशिवाय पहिली सोडत नाहीत. म्हणजे काकांना सगळं कळत होतं. दर रविवारी ते स्वतःच्या हातानं लिहीत होते की काकू कुणासाठी थांबल्यात. मग उठत का नव्हते?

ते मला काकूंनी सांगितलं, मेथी निवडता निवडता. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की नंतर चालणं होईल, सायकल आता विसरा. मधे एकच रविवार उरला होता.

‘आमची पोरगी झाली तवा आम्ही तिकडं तेलंगणात होतो,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळी ह्ये ड्यूटीवर गेले नि माझं पोट दुखाय लागलं. शेजारणीनं ऑफिसात फोन केला. ह्ये म्हणले, रिलीव्हर आला की निघतो. रिलीव्हर म्हंजी पुढच्या पाळीचा माणूस. त्यो आल्याबिगर, त्यानं चार्ज घेतल्याची सही केल्याबिगर, खुर्ची सोडता येत न्हाई. तो माणूस तापानं पडलेला. दुसरा मिळेना. मी शेजारणीसंगं रिक्षात बसून दवाखान्यात गेले. पोरगी दुपारी झाली. ह्ये संध्याकाळी आले.’

‘तुम्ही काही बोलला नाहीत?’

‘काय बोलू? सोडून आले असते नि दोन गाड्या एका लाइनीवर आल्या असत्या तर? हजार माणसं. ह्यांनी बरोबरच केलं.’ त्यांनी मेथीची जुडी सोडली. ‘पण तवापासून ह्यांना वाटतं, आपण उठलो की काहीतरी होणार. रिटायर झाले त्या दिवशी निरोप समारंभ झाला, हार झाले, फोटो झाले. पण त्या दिवशी त्यांची पाळीच नव्हती. आता कायमचा म्हून चार्ज कुणाला दिलाच न्हाई त्यांनी. तसेच घरी आले.’

मी मेथी हातात घेऊन बसलो. इतके महिने आम्ही सगळे त्या माणसाला सांगत होतो, तुम्ही चला. मी बसतो, असं एकानंही म्हटलं नव्हतं.

रविवारी मी सायकलचे कपडे घातले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घातला, वर्गात जाताना घालतो तसा, खिशाला दोन पेनं लावली आणि सहाला दहा कमी असताना खाली उतरलो. काका टेबलापाशी बसून पेन्सिलींना टोक करत होते. मी समोर उभा राहिलो.

‘रिलीव्हर आलोय. चार्ज द्या.’

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. चष्म्यातून मला वरून खालपर्यंत पाहिलं.

‘सरदारजीनं पुलावरून फोन केला न्हाई तर?’

‘पाच मिनिटं वाट बघायची. मग आपण करायचा.’

‘सिस्टर थांबली तर?’

‘कारण विचारायचं.’

‘असंच म्हणली तर?’

‘लिहायचं नाही.’

‘नि तुम्हाला तहान लागली, कट्टाळा आला, बाहेर कुणी हाका मारल्या?’

‘रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.’

आणखी एखादा प्रश्न सापडतो का, हे ते शोधत होते; त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. सापडला नाही. मग त्यांनी चार्टच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘०५:५२. चार्ज दिला’, आणि सही केली. पेन्सिल माझ्याकडं उलटी धरली. मी ‘चार्ज घेतला’ लिहून सही केली. काका उठले. खुर्ची मी ओढून घेतली आणि बसलो. त्यांना हातांचं काय करावं कळत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागं. काकू हेल्मेट घेऊन बाहेर आल्या. खुर्चीत मला पाहून त्या जागच्या जागी थांबल्या. नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडात आलंच नाही. त्या आत गेल्या आणि काकांचे बूट घेऊन आल्या.

मग काका पँटला क्लिप लावून काळ्या सायकलवर बसून गेले. चार्टवर त्यांची रेघ नव्हतीच, म्हणून मी काळी पेन्सिल घेतली.

सहा एकोणीसला फोन. ‘कंट्रोल,’ मी म्हणालो. ‘नगिना घाट, दोघं, टाइम बरोबर,’ धापा टाकत आवाज आला आणि बंद झाला. मी काळी आणि लाल रेघ शेजारी शेजारी ओढली. छान दिसत होत्या.

दोघांचा पुलाचा फोन यायला हवा होता सहा एकतीसला. आला नाही. पाच मिनिटं थांबलो, मी केला. वाजून वाजून बंद. सिस्टरांना केला, त्या टपरीवर पोचल्या होत्या. सरदारजी म्हणाले, ‘वो दोनों पीछे थे, सर. आते होंगे.’ सातला दहा कमी. सात. नदीला त्या दिवसांत पाणी होतं. घाटावर शेवाळ होतं. काकूंचा गुडघा. काकांनी कित्येक वर्षांत सायकल चालवली नव्हती. बेभरवशाचं कुत्रं. माझी स्कूटर फाटकातच उभी होती, किल्ली खिशात होती. पाच मिनिटांत घाटावर पोचलो असतो. आणि तेवढ्यात त्यांचा फोन आला तर? इथं कोण? मी उठायचो आणि परत बसायचो. टेबलावर कसली तरी किणकिण चालली होती. बघितलं तर कोपऱ्यावरच्या वाटीतला चमचा वाजत होता, आणि टेबलाखाली माझा पाय. त्या खुर्चीत बसून मला काकांचा राग येणं कायमचं थांबलं. तिकडं आपलं माणूस असताना इकडं बसून राहणं म्हणजे काय, ते मला अर्ध्या तासात सहन होईना; ते दिवसभर बसले होते.

सात एकवीसला फोन वाजला.

‘कंट्रोल! कुठं आहात?’

‘पुलाचा घाट. थांबलोय.’

‘कधीपासून?’

‘काय की. घड्याळ बघितलं न्हाई.’

हे काका म्हणत होते. माझा जीव असा भांड्यात पडला की मी सवयीनं विचारून बसलो, ‘कारण?’

पलीकडं पाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी पायरीवर कपडे धोपटत होतं. मग काकूंचा आवाज, लांबून, ‘सांगा की आता.’

‘सहज,’ काका म्हणाले. ‘लिहा तसंच. रकान्यात बसतंय ते.’

दोघं साडेनवाला आले. मी चार्ट पुढं केला. ‘काका, घ्या चार्ज.’ त्यांनी हात हलवला. ‘बसा हो. मला चहा पायजे.’ ते पलीकडच्या खुर्चीत बसले. पाय हालत होताच. पण टेबलावर काही वाजलं नाही, कारण त्यांची बशी काकूंनी हातात धरली होती. त्या दिवशी मी पुन्हा सांगूनही त्यांनी चार्ज घेतला नाही. काकूंचं ऑपरेशन झालं, दिवाळीनंतर माझी लातूरला बदली झाली. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा काकांनी चार्टची गुंडाळी माझ्या हातात दिली. ‘चार्ज तुमच्याकडं हाय. न्यावा लागतो.’

आता मी लातुरात राहतो. इथं शहराला नदी नाही. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी घर सोडायचं नाही, एवढाच आमचा पाण्याशी संबंध. पण रविवारी सकाळी साडेसहाला मी टेबलावर चार्ट अंथरून बसत असे. सातच्या सुमाराला फोन येई. ‘कंट्रोल,’ मी म्हणे. काकू आता काठी घेऊन चालतात, काका काळी सायकल हातात धरून बरोबर चालतात, सायकल कशाला ते देव जाणे. ‘पुलाचा घाट. थांबलोय.’ ‘कारण?’ ‘सहज.’ मी दोन रेघा ओढी. त्यांची मजा वाटे. चार्ज परत घ्या म्हटलं की ते म्हणत, ‘रिलीव्हर आला की देतो म्हणा.’ मला खरं तर तो द्यायचा नव्हता. आठवड्यातली तेवढी एक वेळ, कुठं काय चाललंय हे मला नक्की ठाऊक असे.

बायको पहिले दोन-चार रविवार हसली. मग हसणं थांबलं. ‘पाच वर्षं तुम्ही तिकडं नि मी इकडं,’ ती एकदा म्हणाली. ‘आता इथं आलात तर अजून तिकडंच.’ तिला बाहेर जायचं असे. भाजीला, कधी आईकडं, कधी नुसतंच. मी म्हणायचो, फोन येऊ दे. फोन झाला की ऊन झालेलं असायचं.

गेल्या रविवारी फोन जरा उशिरा आला. मी पेन्सिल आपटत बसलो होतो. ती दारात उभी होती, पिशवी खांद्याला, किती वेळ कोण जाणे. फोन उचलला आणि ‘कंट्रोल’ म्हणालो, तेवढ्यात ती बोलली.

पलीकडून काकांनी विचारलं, ‘कोण बोलून राहिलं मागं?’

‘काही नाही. बायको.’

‘काय म्हणून राहिल्या?’

मी मागं पाहिलं. ‘म्हणतेय, आज तरी उठा.’

पलीकडं सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला.  मग काकांचा आवाज आला, ड्यूटीवरचा, कोरडा. ‘सर, पेन्सिल घ्या. टाइम लिहा. सात बारा. लिहा, चार्ज घेतला.’

‘पण काका, तुम्ही तर घाटावर—’

‘रिलीव्हर आलाय म्हणतो ना. लिहिलं?’

‘लिहिलं.’

‘मंग उठा.’ आणि फोन बंद झाला. सही राहिली, असं मी बंद फोनला सांगितलं.

पेन्सिल ठेवली. चार्ट गुंडाळायला घेतला आणि तसाच सोडला. दाराशी आलो तर बायको बाजूला झाली, मला वाट देत, जणू मी आणखी कुठल्या खोलीत चाललोय. मी चपला पायात सरकवल्या आणि म्हणालो, ‘चल.’ कुठं जायचं हे मलाही माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, दार ओढून घेतलं आणि चालायला लागली. कारण विचारलं नाही तिनं.